कमानीची कड

फियाट ११००च्या मागच्या चाकावरची कमान गंजते ती आतून. बाहेरचा पत्रा आणि चाकघराचा आतला पत्रा तिथे एकमेकांना मिळतात आणि कड आत दुमडलेली असते. टायरने उडवलेला चिखल त्या दुमडीवर बसून ओल धरतो. त्यात मुंबईची खारी हवा. बाहेर रंगाला फुगवटा दिसतो तेव्हा आतला पत्रा चाळण झालेला असतो.

१९५३ साली इटलीत आलेली ही गाडी पुढे कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनू लागली आणि पद्मिनी या नावाने मुंबईची टॅक्सी झाली. तिला वेगळी चॅसी नाही, भार बॉडीच पेलते. त्यामुळे कमान कुजली की फक्त रूप बिघडत नाही, ताकदही जाते.

मुंबईतल्या एका गॅरेजमध्ये एका पद्मिनीच्या कमानीची दुरुस्ती मी जवळ उभं राहून पाहिली. डेंटरने ग्राइंडरला हात लावण्याआधी पुठ्ठा घेतला. शाबूत बाजूच्या कमानीची रेघ त्यावर उतरवली, पुठ्ठा कापला आणि उलटा करून कुजक्या बाजूला धरला. तोच त्याचा साचा. मग चांगला पत्रा लागेपर्यंत कुजका भाग कापला आणि नवी पट्टी हातोडी आणि डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) वापरून घडवून बसवली. वेल्डिंगचा एक टाका इथे, दुसरा लांब तिथे, मध्ये ओला फडका. सलग वेल्डिंग केलं तर पत्रा तापून वाकतो. मग तो बाक झाकायला लांबीचे (पुट्टीचे) थर चढतात आणि जाड लांबी पुढे तडकते.

गाडीच्या मालकाला रुंद टायर हवे होते. उभ्या गाडीत ते आरामात मावत होते. "उभ्या गाडीवर जाऊ नका, साहेब," डेंटर म्हणाला आणि त्याने मागच्या अॅक्सलचं हाउसिंग एका बाजूने जॅकवर चढवलं. टायर कडेला टेकला, तिथे खडूची खूण केली. पद्मिनीचा मागचा अॅक्सल पाट्यांच्या स्प्रिंगांवर बसलेला आणि एकसंध आहे. एक चाक उचललं की सगळं हाउसिंग तिरकं होतं. मागे तिघं बसलेली, डिकीत सामान आणि समोर खड्डा, अशा वेळी ती कड टायर कापते.

यावर उपाय म्हणजे दुमडलेली कड आत सपाट दाबणं. रंगवलेल्या बाजूला आधी हीट गनने रंग ऊबदार करतात, नाहीतर तो तडकून पाणी आत शिरतं. कड सरळ छाटणं सोपं असतं, पण त्याने दोन पत्र्यांचा जोडच सुटतो.

कमानी रुंद करायच्याच तर कारण तेवढं मोठं हवं. १९७६च्या फियाट १३१ अबार्थला फायबरग्लासच्या फुगीर कमानी होत्या, पण ती रॅलीसाठी बनली होती. तिचा मागचा अॅक्सल काढून स्वतंत्र सस्पेन्शन बसवलं होतं आणि नियमांसाठी अशा ४०० गाड्या बांधल्या होत्या. १९७७, १९७८ आणि १९८०ची जागतिक रॅली विजेतेपदं तिने फियाटला मिळवून दिली. तिथे चाकं, सस्पेन्शन आणि कमानी यांचा विचार एकत्र झाला होता.

पद्मिनीची कमान अरुंद टायरसाठी आखलेली आहे आणि तिची रेषा त्यातच शोभते. कड दाबून जेवढी जागा मिळते तेवढाच टायर निवडावा. त्याहून मोठा हवासा वाटला, तर पत्र्याला नव्हे, हौसेला कात्री लावावी.