दोन लिप्यांच्या मुलुखातील परीक्षा-सवलती

अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी सामान्य असूनही वाचन, लेखन किंवा गणन यांत टिकून राहणारी अडचण, हिला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 ने मान्यता दिली असून, त्याच्या कलम 17 मध्ये परीक्षेसाठी वाढीव वेळ, लेखनिक (सांगितलेले उत्तर लिहून देणारी व्यक्ती) आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनी हा वाढीव वेळ तासाला किमान 20 मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास, असा ठरवला.

तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात मात्र खरी अडचण सवलतीच्या आधीची, म्हणजे ओळख पटण्याची आहे. घरी मराठी, गोंडी किंवा कोलामी बोलणाऱ्या मुलाला तेलंगणाच्या 2018 च्या कायद्यानुसार दहावीपर्यंत तेलुगूही शिकावी लागते. त्यामुळे त्याच्या वाचनातील चुका नव्या भाषेच्या अपरिचयाच्या आहेत, असे शिक्षक प्रामाणिकपणे मानतात आणि डिस्लेक्सिया, म्हणजे अक्षर व ध्वनी यांची सांगड न बसणे, नजरेआड राहतो. उलट, केवळ भाषा नवी असलेल्या मुलाला अक्षम ठरवणेही तितकेच अन्यायाचे आहे. म्हणून तपासणी मुलाला सर्वाधिक अवगत असलेल्या भाषेत व्हावी, आणि पालकांनी अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी दहावीचे वर्ष उजाडण्याची वाट पाहू नये.