'औदुंबर' : निसर्गचित्र आणि जीवन-मृत्यूचे प्रतीक

काव्यातील निसर्ग जीवनाचा वा मृत्यूचा द्योतक ठरतो तो दोन रीतींनी. पहिल्या रीतीत कवी साम्य स्वतःच सांगतो. गळलेले फूल म्हणजे सरलेले आयुष्य, हा अर्थ वाचकाच्या हाती आयता येतो. हे रूपक होय. दुसऱ्या रीतीत कवी केवळ चित्र रेखाटतो व अर्थ त्याच्या रचनेतून स्फुरतो. यास प्रतीक म्हणावे. बालकवींची (१८९०–१९१८) 'औदुंबर' ही आठ ओळींची कविता दुसऱ्या रीतीचे उत्तम उदाहरण आहे.

'निर्झरास' या कवितेत बालकवी झऱ्याला संबोधून बोलतात. 'फुलराणी'त कळीचा विवाह लावतात. 'औदुंबर'मध्ये संबोधन नाही, 'मी' नाही. जीवन व मृत्यू हे शब्दही नाहीत. तथापि चित्राचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आरंभी वाहता झरा व काठांवरील हिरवळ. मग टेकडीकडचे लहानसे खेडे व शेते. त्यांतून वळणे घेत निघालेली शुभ्र वाट. आणि अखेरीस ती ज्याच्या दिशेने जाते तो डोह. झऱ्याच्या जागी डोह येतो, हिरव्या-निळ्या रंगांची परिणती काळ्यात होते, मनुष्यवस्ती मागे राहते.

एवढ्यावरून हिरवळ म्हणजे जीवन व डोह म्हणजे मृत्यू असे समीकरण मांडणे मात्र उचित होणार नाही. डोहावरील काळेपणाला कवीने माधुर्याचे विशेषण दिले आहे. शिवाय त्या पाण्यात पाय सोडून बसला आहे तो सजीव वृक्षच. उंबर हा पाण्याच्या आश्रयाने वाढणारा, खोडावर फळे धरणारा व दत्तोपासकांना पूज्य असा वृक्ष. त्याच्या ठायी दोन्ही टोके एकत्र येतात. म्हणूनच शेवटी भयाऐवजी गंभीर शांती उरते.

१९१८ साली भादली येथे रेल्वेगाडीखाली बालकवींचा अंत झाला. त्या घटनेच्या छायेत ही वाट वाचण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरला पाहिजे. कारण त्यायोगे प्रतीकाचे भाकीत बनते आणि कवितेचा अर्थ कवितेबाहेर जातो. हिरवळ, वाट, डोह व वृक्ष यांचा परस्परसंबंध हाच तिच्या अर्थाचा खरा आधार होय.