विश्लेषण : भर वाऱ्यात शिडाची नौका आवरतात कशी?

भारतीय नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. या दोघींनी ‘आयएनएसव्ही तारिणी’ या ५६ फुटी शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्यातून निघालेली तारिणी २९ मे २०२५ रोजी गोव्यातच परतली. वाटेत दक्षिण महासागर आणि केप हॉर्न होते, म्हणजे जगातले सर्वांत खवळलेले पाणी. मुळात वाऱ्यावरच चालणाऱ्या नौकेला वारा वाढला की धोका का वाढतो? आणि दोनच माणसे तिला ताब्यात कशी ठेवतात?

वारा दुप्पट, जोर चौपट

शिडावर पडणारा दाब वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारा २० नॉटवरून ४० नॉटवर गेला (१ नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर), तर जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. हा जोर डोलकाठीवर उंचावर लागतो आणि नौकेला आडवी पाडू पाहतो. नौकेच्या तळाखालचे जड कील तिला सरळ ठेवण्यासाठी उलट ओढते, पण त्यालाही मर्यादा आहे.

नौका फार कलली की ती पुढे कमी आणि बाजूला जास्त सरकते. तिचे तोंड आपोआप वाऱ्याकडे वळू लागते. सुकाणू धरणाऱ्याला ते दोन्ही हातांनी ओढून धरावे लागते. कल आणखी वाढला तर सुकाणूचे पाते पाण्याबाहेर येऊ लागते आणि मग ते कितीही फिरवले तरी नौका ऐकत नाही. सुकाणू जड लागणे ही धोक्याची पहिली सूचना. अनेकजण ती ताकदीने दाबून टाकतात, खरे तर तेव्हा शिडांकडे पाहायला हवे.

आधी शीड सपाट, मग लहान

फुगलेले, पोट असलेले शीड मंद वाऱ्यात कामाचे. जोराच्या वाऱ्यात तेच पोट नौकेला कलवते. म्हणून शीड चढवण्याचा दोर आणि खालच्या कडेचा दोर ताणून शीड सपाट करतात. शिडाच्या तळाची आडवी काठी, म्हणजे बूम, वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला थोडी सोडतात. झोत आला की मुख्य शिडाचा दोर हातभर ढिला करतात. शिडाची वरची टोके मोकळी राहिली तर उंचावरचा वारा निसटून जातो आणि कल लगेच कमी होतो.

एवढ्याने भागले नाही, तर ‘रीफ’ घेतात. मुख्य शीड डोलकाठीवरून थोडे खाली उतरवायचे, त्याच्या कडेला वर असलेली कडी बूमवर अडकवायची, मागचा कोपरा ओढून बांधायचा आणि शीड पुन्हा ताणायचे. पुढचे शीडही गुंडाळून लहान करतात, नाहीतर तोल बिघडतो. वादळात ही शिडे पूर्ण उतरवून जाड कापडाची छोटी वादळी शिडे लावतात. कोकण किनाऱ्यावरच्या जुन्या शिडाच्या गलबतांवर तिरक्या परबाणाचे मोठे शीड असे. ते असे टप्प्याने लहान करणे अवघड, म्हणून जोराच्या वाऱ्यासाठी लहान शीडच वेगळे बाळगत.

पाठीमागचा वारा फसवतो

नौकेवर जाणवतो तो वारा आणि खरा वारा यांत फरक असतो. २५ नॉटचा वारा पाठीमागून येतो आहे आणि नौका ८ नॉटने पळते आहे, तर अंगाला लागतो फक्त १७ नॉटचा. सगळे छान वाटते. कोणी पाण्यात पडले किंवा समोर जहाज दिसले म्हणून नौका वाऱ्याकडे वळवावी, तर अचानक ३० नॉटच्या आसपास वारा जाणवतो आणि शिडावरचा दाब तिप्पट होतो. रीफ घेण्याची सर्वांत वाईट वेळ तीच. म्हणून खलाशी सांगतात की रीफचा विचार मनात आला तेव्हाच तो घ्यावा. दोघांच्याच चमूत एक झोपलेला असतो, तेव्हा तर हे अधिकच खरे.

पाठीमागच्या वाऱ्यात आणखी एक भीती असते. नौका थोडी जास्त वळली की बूम झटक्यात एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला फिरते. मध्ये डोके आले तर माणूस गेलाच. म्हणून बूम वेगळ्या दोराने पुढे बांधून ठेवतात.

हे सारे करूनही?

समुद्र कधीकधी ऐकत नाही. २०१२-१३ मध्ये ‘म्हादेई’तून एकट्याने, न थांबता जगप्रदक्षिणा करणारे अभिलाष टॉमी २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले. त्यांची गोव्यात बांधलेली ‘थुरिया’ दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात उलटली, डोलकाठी मोडली आणि पाठीला गंभीर दुखापत झाली. तीन दिवसांनी फ्रेंच मत्स्यगस्ती जहाजाने त्यांची सुटका केली. याच शर्यतीच्या पुढच्या आवृत्तीत, एप्रिल २०२३ मध्ये, ते दुसरे आले.