फिट थांबली, पण पोराचा स्वभाव बदलला

फिट येणाऱ्या मुलाच्या घरात सुरुवातीला एकच हिशेब चालतो, आज आली की नाही? गोळी लागू पडते, फिट थांबते, घर अल्लाहचे शुक्र अदा करते. आणि मग दुसरीच तक्रार सुरू होते. "सर, पोरगं पूर्वीसारखं राहिलं नाही. बोललं की अंगावर येतं." शाळेत हे वाक्य आम्ही बऱ्याच अम्मींच्या तोंडून ऐकले आहे. नंतर ते आमच्याच घरात, पुतण्याच्या बाबतीत ऐकू आले.

तो तेव्हा नववीत होता. लेव्हेटिरासिटॅम सुरू झाले आणि फिट बंद झाल्या. तिसऱ्या आठवड्यात त्याने जेवणाचे ताट भिरकावले. कारण काय, तर धाकट्या बहिणीने पंखा कमी केला. रात्री तोच रडत म्हणाला, "मला काय होतं ते मलाच कळत नाही." दादी म्हणाल्या, नजर लागली. बडे अब्बांच्या मते लाड फार झाले. शेजारच्या खाला तर थेट असर झालाय म्हणून मोकळ्या झाल्या. दुवा जरूर करावी. पण गोळी कधी सुरू झाली आणि राग कधी सुरू झाला, या दोन तारखाही शेजारी-शेजारी लिहून पाहाव्यात.

लेव्हेटिरासिटॅमने काही मुलांत चिडचिड, राग, उदासी येते, हे डॉक्टरांना चांगले ठाऊक आहे. फेनोबार्बिटोन हे १९१२ पासून वापरातले जुने औषध. त्यानेही मुले चिडखोर किंवा सुस्त होऊ शकतात. टोपिरामेटवर काहींना बोलताना शब्द सापडत नाहीत, आणि शिक्षक त्याला आळशी समजतात! अर्थात प्रत्येक राग गोळीचा नसतो. वय असते, अभ्यास असतो, चारचौघांत फिट येण्याची धास्ती असते, आणि खुद्द अपस्मारही मनावर परिणाम करतो. म्हणूनच वही हवी. गोळीची वेळ, झोप, राग कधी आला, किती वेळ टिकला, कशावरून, एवढे रोज दोन ओळींत लिहा. "फार चिडतो" या तक्रारीपेक्षा तीन आठवड्यांची वही डॉक्टरांना कितीतरी अधिक सांगते.

गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. एकाएकी औषध सुटले तर फिट पुन्हा उलटते, कधी थांबतच नाही, आणि जिवावर बेतते. बदल डॉक्टरच करतील. डोस कमी करणे किंवा हळूहळू दुसऱ्या औषधावर नेणे, असे मार्ग त्यांच्याकडे असतात. लॅमोट्रिजिन मनाला बहुधा जड जात नाही, पण अंगावर पुरळ उठले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचे. काही डॉक्टर बी-६ जीवनसत्त्व देऊन पाहतात. त्याचा पुरावा अजून तोकडा आहे, तेव्हा मेडिकलमधून आपणच आणू नये.

आमच्या पुतण्याचे औषध दीड-दोन महिन्यांत, एक कमी आणि दुसरे वाढवत, बदलले. मधे एक फिट आली. घर हादरले, पण डॉक्टरांनी ही शक्यता आधीच सांगून ठेवली होती.

रमजानचा विचार दोन महिने आधी करावा. तरावीहनंतर उशिरा झोपणे आणि सहरीला उठणे, यात झोप तुटते. अपुऱ्या झोपेने फिट येते आणि चिडचिडही वाढते. काही गोळ्या सहरी-इफ्तारला बसवता येतात, काही नाही. ते डॉक्टरांनाच विचारावे. आजाऱ्याला रोज्याची सवलत आहे, हे त्या मुलाला मोठ्यांनी स्वतः सांगावे. नाहीतर बरोबरीच्या पोरांसमोर लाजून ते गोळी चुकवते.

राग आलेल्या क्षणी वाद घालू नका. धाकट्या भावंडांना बाजूला घ्या, आवाज खाली ठेवा, बोलणे नंतर. पण मारहाण चालू द्यायची नाही, औषधाच्या नावाखालीसुद्धा नाही.

एक गोष्ट मात्र दुसऱ्या दिवसावर ढकलू नये. अपस्माराच्या औषधांवर असताना जीव देण्याचे विचार वाढू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००८ मध्ये दिला. प्रमाण अगदी थोडे आहे. तरी मूल गप्प गप्प राहू लागले, "मी नसतो तर बरं झालं असतं" असे काही बोलले, तर सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. हो म्हटले तर एकटे सोडू नका, गोळ्यांचा डबा आपल्या ताब्यात घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, आणि मराठीतही बोलता येते.