पापणी कधी उचलायची?

मागून आत्ता जो प्रश्न आला, तोच धरून पुढे जाऊ या. बाळाची एक पापणी जन्मापासून खाली पडलेली आहे. ऑपरेशन लगेच करायचं, की शाळेत जाईपर्यंत थांबायचं? घरातली मोठी माणसं म्हणतात, ‘झोपाळू डोळा आहे, वाढत्या वयात उघडेल.’ तो सहसा उघडत नाही. पापणी उचलणारा स्नायूच नीट घडलेला नसतो.

आम्ही आधी बाहुली बघतो. ती झाकली जात असेल तर थांबायचं नाही. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी १९६० च्या दशकात मांजरीच्या पिल्लांची एक पापणी शिवून ठेवली होती. पुढे टाके काढले तेव्हा डोळा शाबूत होता, पण मेंदू त्या डोळ्याचं काही घ्यायलाच तयार नव्हता. मोठ्या मांजरांत मात्र असं झालं नाही. (१९८१ चं नोबेल त्यांना मिळालं.) मुलांच्या डोळ्यांचंही तसंच आहे, दृष्टी घडायची वर्षं पहिली सात-आठच.

हनुवटी वर करून बघणारं मूल दिसलं की आईवडील घाबरतात. आम्हाला उलट बरं वाटतं. ते त्या डोळ्याने बघायची धडपड करतंय. एक डोळा झाकलेला असूनही मान अगदी सरळ असेल, तर काळजी जास्त. त्या डोळ्याचा नाद मुलाने सोडला असेल.

बाहुली उघडी असेल तर तीन ते पाच वर्षांपर्यंत थांबता येतं, पण तपासण्या चुकवायच्या नाहीत. पडलेल्या पापणीखाली पुष्कळदा चष्म्याचा नंबर दडलेला असतो.

आता ऑपरेशन कोणतं? भुवई अंगठ्याने दाबून धरायची, मुलाला खाली मग वर बघायला लावायचं, आणि पापणी किती सरकली ते साध्या पट्टीने मोजायचं. चांगली पापणी १५ मिलिमीटरच्या आसपास सरकते. ४ किंवा कमी भरलं, तर स्नायू आखूड करून सहसा भागत नाही. पापणी कपाळाच्या स्नायूला आतून टांगावी लागते. त्यासाठी सिलिकॉनची दोरी वापरतात, किंवा मुलाच्याच मांडीतली पट्टी. अगदी लहान बाळाच्या मांडीत ती पुरेशी मिळत नाही, म्हणून तिथे बहुधा सिलिकॉन.

आणि हे आधीच सांगतो, नंतर फोन येतात म्हणून. ऑपरेशननंतर झोपेत डोळा थोडा उघडा राहतो. रोज रात्री मलम घालायचं. आळसावलेल्या डोळ्यासाठी चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायला सांगितली असेल, तर तीही चालूच ठेवायची. पापणी उचलली म्हणून मेंदू त्या डोळ्याकडे लगेच वळत नाही.