वऱ्हाडांत घर घेतांना

मुंबईस किंवा पुण्यास दोन खोल्यांची जागा ज्या किमतीस मिळत नाहीं, त्या किमतीच्या लहानशा अंशांत वाशीम जिल्ह्यांतील एखाद्या खेड्यांत अंगण, ओसरी आणि परसदार असलेलें घर मिळूं शकतें. नोकरींतून निवृत्त होणाऱ्या गृहस्थास ही गोष्ट मोहांत पाडणारी वाटावी, यांत नवल नाहीं. शहरांतील भाडें दरसाल चढतें. निवृत्तिवेतन त्या मानानें चढत नाहीं. अशा वेळीं भविष्यनिर्वाह निधीची सारी रक्कम एका घरांत घालून उरलेलें आयुष्य मोकळ्या हवेंत काढावें, हा विचार स्वाभाविक होय. परंतु ही रक्कम आयुष्यांत एकदांच हातीं येते. ती अडकली म्हणजे पुन्हा सोडवितां येणें कठीण. म्हणून घर स्वस्त आहे कीं महाग, या प्रश्नाआधीं तें घर खरोखर आपलें होईल काय आणि त्यांत बारा महिने राहतां येईल काय, या दोन प्रश्नांचा निकाल लावला पाहिजे.

वाशीम हें प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. इंग्रजी अमदानींत ‘बाशीम’ या नांवाचा स्वतंत्र जिल्हा होता. तो १९०५ सालीं अकोल्यांत विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजीं पुन्हा वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगांव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. हा सर्व मुलूख वऱ्हाडचा. तो १९५६ सालीं मुंबई राज्यांत आला आणि १९६० पासून महाराष्ट्राचा भाग आहे. हा इतिहास घर घेणाऱ्यास निरुपयोगी वाटेल, पण तसें नाहीं. राज्य एक झालें तरी जमिनीचे कांहीं कायदे जुन्या प्रांतांप्रमाणें निरनिराळे राहिले. पश्चिम महाराष्ट्रांत कूळकायदा १९४८ चा. विदर्भांत तो १९५८ चा. पुण्याच्या वकिलानें पाठ असलेलें कलम येथें त्याच क्रमांकाचें असेल असें नाहीं. म्हणून सल्ला घ्यावयाचा तो वाशीम-अकोल्याकडील कामकाज ज्याला ठाऊक आहे अशाच वकिलाचा घ्यावा.

खेड्यांतील माणूस जमिनीचे दोन भाग मानतो : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, ज्याला सरकारी भाषेंत गांवठाण म्हणतात. शहरांतून आलेल्या माणसास दोन्हीकडे घरें दिसतात आणि तीं त्याला सारखींच वाटतात. कायद्याच्या दृष्टीनें मात्र त्यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे.

काळींतील घराचा विचार प्रथम करूं. ज्याच्या कुटुंबाची शेती नाहीं, अशा माणसास विदर्भांत शेतजमीन परवानगीवांचून विकतां येत नाहीं. तेव्हां सोयाबीन-तुरीच्या शेतांतील दोन-चार गुंठ्यांचा तुकडा आणि त्यावरील टुमदार बांधकाम कोणी स्वस्तांत देऊं लागल्यास सावध व्हावें. ती जमीन निवासी वापरासाठीं अकृषिक झाली आहे काय, सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग एक आहे कीं दोन, हें पाहावें. वर्ग दोन असल्यास हस्तांतरावर सरकारी बंधन असतें. आदिवासी खातेदाराची जमीन तर बिगरआदिवासीस जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवांचून घेतांच येत नाहीं. लहान तुकड्यांच्या विक्रीविषयीं १९४७ सालचा कायदा आहे. त्यांतील आणि अकृषिक वापराच्या नियमांतील तरतुदींत वेळोवेळीं सवलती झाल्या आहेत. म्हणून ऐकीव माहितीवर विसंबून न राहतां त्याच गटाची स्थिति तहसील कचेरींत विचारावी. पुष्कळ ठिकाणीं साध्या मुद्रांकावर नोटरीचा शिक्का घेऊन सौदे होतात. अशा कागदानें मालकी मिळत नाहीं. शंभर रुपयांहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेंच व्हावी लागते.

पांढरींतील घरास ही अडचण नाहीं. तेथें अडचण निराळी. गांवठाणांतील घराचा नेहमीं दाखविला जाणारा कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना आठ. या कागदावर घराचें वर्णन, कर आणि कर भरणाऱ्याचें नांव असतें. परंतु कर भरणारा आणि मालक हे एकच असतील, असें हा कागद सिद्ध करीत नाहीं; तो मुळांत करआकारणीचा उतारा होय. पूर्वीं पुष्कळ गांवठाणांची मोजणीच झालेली नव्हती, त्यामुळें हद्द म्हणजे शेजाऱ्याची आठवण अशी स्थिति होती. २४ एप्रिल २०२० रोजीं केंद्र सरकारनें स्वामित्व योजना सुरू केली. तिच्यांत ड्रोन यंत्रानें गांवठाणांची मोजणी करून घरमालकांस मिळकत पत्रिका देण्यांत येतात. विकणाऱ्याजवळ अशी पत्रिका असेल तर उत्तमच. नसेल तर मोजणी झाल्यावांचून इसार देऊं नये. गायरानावर किंवा सरकारी जागेवर वाढलेली वस्ती तर कितीही जुनी असली तरी तिच्या वाटेस न जाणेंच बरें.

याहून अवघड प्रश्न वारसांचा. खेड्यांतील जुनें घर बहुधा आजोबाच्या नांवाचें असतें. बोलणी करतो एक नातू. एक भाऊ सुरतेस, दुसरा नागपुरास, आणि दोन बहिणी सासरीं. २००५ च्या दुरुस्तीनें हिंदु एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलींस मुलांइतकाच हक्क मिळाला, आणि २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो हक्क जन्मतःच असल्याचें स्पष्ट केलें. “आमच्याकडे बहिणी हिस्सा मागत नाहींत” हें विकणाऱ्याचें आश्वासन कितीही मनापासूनचें असलें तरी तें खरेदीदाराच्या उपयोगाचें नाहीं. खरेदीखतावर सर्व वारसांच्या सह्या हव्यात आणि मागील तीस वर्षांच्या नोंदींचा शोध दुय्यम निबंधकाच्या कचेरींत घेतलेला असावा. दोन बहिणींच्या सह्यांसाठीं दोन महिने थांबावें लागलें तरी हरकत नाहीं; न थांबल्यास दिवाणी न्यायालयांत कित्येक वर्षें थांबावें लागतें.

कागद स्वच्छ निघाले म्हणजे घराकडे वळावें. वऱ्हाडांतील जुन्या घरांच्या भिंती जाड मातीच्या आणि छत पुष्कळदां धाब्याचें, म्हणजे लाकडी सऱ्यांवर मातीचा थर घातलेलें असतें. उन्हाळ्यांत असें घर सिमेंटच्या घरापेक्षां थंड राहतें, हा त्याचा गुण. परंतु धाब्यास दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं माती चोपावी लागते, लाकडास वाळवी लागते, आणि हें काम जाणणारे कारागीर कमी होत चालले आहेत. नवें पक्कें घर असल्यास पाया पाहावा. काळी माती पावसांत फुगते, उन्हाळ्यांत आकसून भेगाळते. पाया मुरमापर्यंत गेलेला नसेल तर भिंतींना तिरक्या चिरा पडतात. दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यांवर ताजा रंग दिसला तर त्याखालीं काय आहे हें गवंड्याकडून पाहून घ्यावें.

पाण्याचा प्रश्न या जिल्ह्यांत सर्वांत मोठा. वाशीमचा बराच भाग दोन खोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावर आहे. येथून काटेपूर्णा उत्तरेकडे पूर्णेस व पुढें तापीस मिळते, तर अडाण आणि अरुणावती पैनगंगेच्या वाटेनें गोदावरीच्या खोऱ्यांत जातात. पडलेलें पाणी दोहोंकडे वाहून जातें. खालीं काळा पाषाण. त्यांत पाणी सांठतें तें वरच्या झिजलेल्या थरांत व भेगांत. म्हणून एका घराची विहीर वैशाखांत भरलेली आणि वीस पावलांवरची कोरडी, असा प्रकार घडतो. भाद्रपदांत विहीर तुडुंब पाहून आनंदूं नये. ती मे महिन्यांत पाहावी, आणि नळाला पाणी किती दिवसांआड येतें हें विकणाऱ्यास न विचारतां शेजारच्या गृहिणीस विचारावें.

दळणवळणाच्या बाबतींत जिल्हा पूर्वींसारखा दूर राहिलेला नाहीं. वाशीम हें अकोला–पूर्णा लोहमार्गावरील स्थानक आहे. मुंबई–नागपूर समृद्धि महामार्ग कारंजा व मालेगांवच्या बाजूनें जातो. तो ५ जून २०२५ पासून पूर्ण लांबीनें खुला झाला. परंतु या महामार्गावर ठराविक ठिकाणींच चढतां-उतरतां येतें आणि दुचाकीस तेथें मज्जाव आहे. घरावरून महामार्ग दिसतो म्हणजे घर महामार्गाजवळ आहे, असें नव्हे. वैद्यकीय सोयीचाही असाच हिशेब करावा. वाशीम येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचें उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्यें झालें, ही मोठीच सोय. तथापि रात्रीं दोन वाजतां छातींत दुखूं लागलें तर गाडी कोणाची, रस्ता कसा, आणि वेळ किती, यांचीं उत्तरें त्या विशिष्ट गांवापुरतीं मिळवावींत.

आतां पैशाचा हिशेब. समजा घर नऊ लाखांस ठरलें. नोंदणी, न्हाणीघर, पाण्याची टाकी व डागडुजी यांस तीन लाख लागले. एकूण बारा लाख. हीच रक्कम शेंकडा सहा व्याजानें ठेवली तर वर्षास ७२,००० रुपये, म्हणजे महिन्यास ६,००० रुपये येतील. तशाच घराचें गांवांतील भाडें समजा ३,००० आहे. म्हणजे ‘भाडें वांचलें’ असें ज्यास वाटतें, तो प्रत्यक्षांत दरमहा तीन हजार अधिक देत आहे. यांत मुलाबाळांकडे शहरांत होणाऱ्या खेपांचा खर्च धरलेला नाहीं. शिवाय खेड्यांतील घरास गिऱ्हाईक थोडें. बहुधा शेजारी किंवा भाऊबंद, आणि त्यास विकणाऱ्याची निकड पुरती ठाऊक असते.

यावरून खेड्यांत जाऊंच नये, असा निष्कर्ष नाहीं. ज्याचें मन शेजारधर्मांत रमतें, ज्याच्या पत्नीसही तें जीवन मनापासून हवें आहे, त्याला वाशीमच्या खेड्यांत शहराहून अधिक सुख मिळूं शकेल. मात्र त्यानें प्रथम एक वर्ष भाड्यानें राहावें : एक पावसाळा चिखलाचा, एक उन्हाळा पाणीटंचाईचा. या वर्षांत कोणत्या घराचा वाद आहे, कोणती विहीर आटते, कोणता रस्ता तुटतो, हें त्याला न विचारतां कळेल. आणि गांवालाही तो कसा आहे हें कळेल. बारा महिन्यांचें भाडें ३६,००० रुपये. बारा लाखांच्या निर्णयासाठीं हा खर्च थोडाच म्हणावा लागेल. वर्ष संपतांना दोघांचेंही मन तेथेंच राहावें असें म्हणत असेल, तर मग खरेदीखत करण्यास दिवस पाहावा.