सिगार एका बाजूनेच का जळतो?

आजचा प्रश्न छोटा आहे. सिगारची एक बाजू भराभर जळते आणि दुसरी तशीच राहते, असं का होतं? बरेच जण लगेच लायटर काढतात. मी पडलो सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे माझं म्हणणं एकच: आधी कारण शोधा, मग उपाय करा.

पहिलं कारण पेटवण्यात असतं. ज्योत टोकाला न टेकवता थोडी खाली धरा आणि सिगार फिरवत राहा. टोकाचा अख्खा गोल लाल झाला की मगच झुरका घ्या.

दुसरं कारण ओल. सिगारला साधारण 65 ते 70 टक्के आर्द्रता मानवते. मुंबईच्या पावसाळ्यात हवा याच्या बरीच वर जाते. उघड्यावर ठेवलेला सिगार ओल धरतो. मग आतला तंबाखू जळतो, वरचं पान मागे राहतं आणि मधे बोगदा पडतो. म्हणून हवाबंद डबा वापरा, त्यात आर्द्रता राखणारं पाकीट ठेवा.

तिसरं कारण वळण्यातलं. लिहेरो हे झाडाच्या शेंड्याकडचं जाड पान सावकाश जळतं, म्हणून ते मधोमध असावं लागतं. ते एका बाजूला सरकलं, की ती बाजू रेंगाळते.

ओढताना बिघडलंच, तर मागे राहिलेल्या बाजूलाच क्षणभर ज्योत दाखवा. पंख्याखाली बसू नका आणि मिनिटाला एखादाच झुरका घ्या. तरी पुन्हा पुन्हा तेच झालं, तर दोष वळण्यातच आहे असं समजा.

आणि हो, एकसारखा जळणारा सिगारही निर्धोक नसतो. धूर छातीत घेतला नाही, तरी तोंडाच्या कर्करोगाचा धोका राहतोच. त्यावर मात्र लायटरचा उपाय नाही.